अर्ध्या रस्त्याची ट्रायल

शिंप्याला मास्तर म्हणायची पद्धत कुणी पाडली, कुणास ठाऊक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं दुकान होतं त्या मास्तरांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नाही. अपवाद फक्त वाट बघण्याचा. तो विषय मात्र त्यांनी सगळ्या वस्तीकडून पक्का करून घेतला होता. लग्नासाठी टाकलेला कोट पहिल्या मुलाच्या वाढदिवसाला मिळाल्याची उदाहरणं होती. पण तो अंगावर असा बसायचा की माणूस शिव्या विसरून आरशापुढे उभा राही.

मास्तरांचा नियम एकच. आधी कच्ची शिलाई, मग ट्रायल, मग दुरुस्ती, मग पुन्हा ट्रायल. पक्की शिलाई सगळ्यात शेवटी, कारण ती उसवताना कापड दुखावतं. हा नियम त्यांनी कपड्यांपुरता ठेवला असता, तर पुढचं काही सांगायची वेळ आली नसती.

काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, दुकानाच्या मागच्या अंगाला बसून काज-बटण करायच्या. बसून बसून म्हणा किंवा वयाने म्हणा, त्यांच्या कमरेचे सांधे झिजले. बसची पायरी चढणं बंद झालं, आणि त्याबरोबर ताईकडे जाणंही. ताई ही काकूंची थोरली बहीण. घाटावरच्या गावात राहायची. तिची एक बाजू लुळी पडलेली, त्यामुळे तिला खाली आणणं शक्य नव्हतं. फोन रोज व्हायचा. पण काकूंना ताईला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, तिच्याजवळ बसायचं होतं. दुसरं काही त्यांनी मास्तरांकडे कधी मागितल्याचं कुणाला आठवत नाही.

"गाडी घेऊ," मास्तर म्हणाले. "आपली गाडी, आपल्या मापाची."

शोरूममध्ये मास्तर गळ्यात टेप घालूनच गेले. विक्रेता पोरगा उत्साहात होता.

"सर, हे बघा, सनरूफ. बटण दाबलं की आकाश."

"आकाश आमच्याकडे आहे," मास्तर म्हणाले आणि खाली वाकून जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतचं अंतर मोजू लागले.

मग काकूंचं माप झालं, टाचेपासून कमरेपर्यंत, शोरूमच्या मधोमध. काकू लाजेने अर्ध्या झाल्या. "अहो, लोक बघतायत!"

"बघू दे. कापड घेताना माप घेतो, तर एवढी गाडी काय डोळे मिटून घेऊ?"

बुटक्या गाडीत काकू बसल्या त्या विहिरीत उतरल्यासारख्या. बाहेर काढायला दोघं लागली. थोराड गाडीत चढणं म्हणजे माळ्यावर चढणं. मधली, आखूड बांध्याची, पण उंच पायाची एसयूव्ही मात्र बरोबर निघाली. काकू पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, टेकल्या, पाय आत घेतले, संपलं. कमरेने हूं की चूं केलं नाही. एवढा साधा निकाल लागल्याने मास्तरांना संशय आला, म्हणून आणखी एक हिवाळा शोरूमच्या फेऱ्यांत गेला.

पेट्रोल की डिझेल, हे मिस्त्रीने ठरवलं. मिस्त्रीचं गॅरेज मास्तरांच्या दुकानामागे. तोंडाचा फटकळ, हाताचा चांगला.

"डिझेलला घाटात दम असतो," तो म्हणाला. "पण एक सांगतो. हिच्या धुराच्या नळीत जाळी असते. काजळी तिथे साठते. गाडी लांब पळाली, तापली, की जळून जाते. नुसती बाजार आणि घर केलंत तर तुंबते. पळवणार आहात का?"

"पळवणार. दर महिन्याला हिच्या ताईकडे."

"मग घ्या."

गाडी आली. कारखान्याचे सीट कव्हर मास्तरांना पसंत पडणं शक्यच नव्हतं. त्यांनी नवे शिवायला घेतले, तेव्हा मिस्त्री ओरडला, "या कडेला शिवण मारू नका! आतून एअरबॅग फुटते. शिवलंत तर अडकेल." मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक शिवण उघडी ठेवली. पुढे कितीतरी दिवस गाडीत बसताना ते तिकडे बघायचं टाळत.

मग ताईला दिवस कळवायची वेळ आली.

"एकदम नेऊन चालायचं नाही," मास्तर म्हणाले. "आधी घाटाच्या पायथ्यापर्यंत ट्रायल. कुठे खुपतं, कुठे ओढतं, बघू. मग वर."

पायथ्याशी एक चहाची टपरी होती. तिथे गाडी उभी करून मास्तरांनी काकूंना विचारलं, कुठे दुखलं? काकूंनी पाठीखाली बोट दाखवलं. मास्तरांनी खिशातून खडू काढून सीटवर खूण केली आणि गाडी माघारी वळवली. दोन आठवड्यांनी उशी तयार झाली. दुसऱ्या ट्रायलला पट्टा मानेला घासला. त्याला मऊ गवसणी आली. तिसऱ्या वेळी पाय लोंबकळले. पायाखाली पाट आला, त्याला गादी आली. दुकानात लोकांचे कोट कच्च्या शिलाईत लटकत राहिले आणि मास्तर गाडी शिवत राहिले.

"ताई, पुढच्या महिन्यात नक्की," काकू फोनवर सांगायच्या. "अजून ट्रायल चाललीय."

"कधी येतेस गं? तुझ्या मास्तरांना सांग, मी पण वापरून जुनी झालेय. तू थोडी चुरगळून आलीस तरी चालेल."

चौथ्यांदा टपरीपाशी थांबले तेव्हा हवा स्वच्छ होती. काकूंनी काच खाली केली.

"अहो, इथून गाव दिसतंय की."

"दिसतंय. पण वळणं बघ किती आहेत. तुझी कमर—"

"मी कोट नाही हो. कुठे थोडं खुपलं तर चालेल मला."

मास्तरांनी हात लांबवून काकूंच्या मानेमागची जागा चाचपली. मग म्हणाले, "मानेला आधार कमी पडतोय. तेवढा करतो. पुढच्या वेळी थेट वर."

मधल्या काळात गाडी दवाखाना आणि बाजार एवढंच फिरत होती. एके दिवशी समोर नारिंगी दिवा लागला. मास्तरांनी बॉनेट उघडून तेलाची काडी काढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि खुशीत मिस्त्रीकडे गेले. "तेल खुणेच्या वर आहे. वाढलंय चक्क!"

"मास्तर, गाय आहे का ती?" मिस्त्रीने कपाळाला हात लावला, कपाळ काळं झालं. "काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. तुम्ही अर्ध्यात बंद करता, मग ते डिझेल खाली तेलात उतरतं. तेल पातळ झालं, म्हणून वाढलेलं दिसतं. बदलायला लागेल सगळं. एकदा वरपर्यंत न्या की हिला! गाडी पण मोकळी होईल, काकू पण."

"मानेची उशी झाली की लगेच."

मानेची उशी सुरेख झाली. ती लावायच्या आठवड्यात काकूंना खोकला लागला. मग धाप. मग तपासण्या. फुप्फुसांचं काहीतरी होतं; डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते लांब होतं आणि त्याचा उपयोग नव्हता. "प्रवास थोडा चालेल," ते म्हणाले. "पण चढावर न्यायचं नाही. घाट बंद."

मास्तरांनी विचारलं, कधीपासून बंद?

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. "आजपासून," ते म्हणाले. "दोन-तीन महिन्यांपूर्वी आला असतात तर मीच म्हटलं असतं, जाऊन या."

त्यानंतरही दोघं पायथ्यापर्यंत जात. गाडीसाठी जावं लागतं, असं काकू सगळ्यांना सांगायच्या. टपरीवरचा माणूस चहा गाडीपाशी आणून द्यायचा. एकदा मास्तर एकदम म्हणाले, "चल. जाऊ वर. डॉक्टर गेले उडत."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बोलायला त्यांना वेळ लागे. "आता नको. वाटेत काही झालं, तर ताईच्या जिवाला लागेल. तुमच्याही."

मास्तरांनी गाडी वळवली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकू त्याच गाडीतून दवाखान्यात गेल्या. परत आल्या त्या दुसऱ्या गाडीतून.

गाडी दुकानासमोर उभी राहिली. धूळ बसली, बॅटरी उतरली. दुकान मात्र उघडं असे, आणि लोकांना त्यांचे कोट वेळेवर मिळू लागले. सांगितल्या दिवशी, एकाच ट्रायलमध्ये. शिलाई ठीकठाक असायची. लोक आपसात म्हणू लागले, मास्तरांचा हात गेला.

शेवटी मिस्त्रीच बॅटरी चार्ज करून घेऊन आला. चावी फिरवली तशी गाडी खोकली आणि दिवा लागला.

"विकायची असेल तर विका," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "ठेवायची असेल तर आज पळवा. कुठेही जा, पण मध्येच वळवू नका. काजळी जळायला लागली की थांबायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

मास्तर निघाले ते सवयीने त्याच रस्त्याला लागले. टपरी जवळ आली तेव्हा इंजिनाचा आवाज जड झाला होता आणि जळकट वास येत होता. काजळी जळू लागली होती. टपरीवाल्याने हात केला. मास्तरांनी वेग कमी केला, मग मिस्त्रीचं बोलणं आठवलं आणि ते पुढे गेले.

पुढच्या रस्त्याने ते कित्येक वर्षांत गेले नव्हते. तो रुंद होता. नवा होता. वळणं होती, पण लांब, सैल, उतरत्या खांद्यासारखी. एक खड्डा नाही. ज्या अर्ध्या वाटेवर त्यांनी इतक्या ट्रायली घेतल्या, तीच खरी खडबडीत होती. घाट मास्तरांना कळायच्या आत संपला. शेजारच्या सीटवरची मानेची उशी जागची हललीसुद्धा नव्हती.

ताईचं घर रस्त्यालगतच, वरच्या मजल्यावर. ती खिडकीशी पलंगावर टेकून होती. दिवसभर तिला तो रस्ताच बघायला असे; गाव आणि घाट, दोन्ही तिथून दिसायचे. तिने मास्तरांना ओळखलं, दाराकडे क्षणभर आणखी पाहिलं, मग चांगल्या हाताने खुर्ची दाखवली. सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

मास्तरांनी कप उचलला. मग ताईने, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "रस्ता कसा होता, मास्तर?"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"खराब," ते म्हणाले. "फारच खराब. तिला झेपला नसता."

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"खराबच आहे," ती म्हणाली. "मीच तिला सांगायचे, घाई करू नकोस."

खिडकीखालून एक बस सरळ, न हेलकावता, वर येत होती. दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही.