इर्याबाईंचा सोमवार

हँकॉक गावाच्या उतारावर इर्या लाहती यांचं पास्टीचं, म्हणजे भाजलेल्या मोठ्या तिखटमिठाच्या करंजीचं, दुकान आहे. बीफ, बटाटा आणि रुटाबागाचा सलगमसारखा कंद भरून जाड पारीची कड वळायची, हे त्या पहाटे चारपासून एकट्या करतात. वय सहासष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत. मी कॉलेजात उद्योजकता शिकवतो. स्वतः लिंबूसरबताचंसुद्धा दुकान कधी चालवलेलं नाही, पण फळ्यावर तावातावाने लिहितो, "वर्गाबाहेर पडा, खऱ्या धंदेवाल्याशी बोला!" अकरा वर्षं माझी पोरं दर सोमवारी प्रश्नांचे कागद घेऊन बाईंकडे जात आली आहेत.

बाई काही हातचं राखत नसत. पीठ कोणाकडून, कोणत्या दिवशी हॉस्पिटलची ऑर्डर, गुडघा कधी दगा देतो, सगळं सांगत. "डेल मास्तरची पोरं म्हणजे घरचीच," म्हणत आणि कॉफी ओतत.

यंदा केंड्रा नावाची हुशार पोरगी तिच्या गटासह गेली. कॉलेजच्या वर्षाअखेरच्या, नव्या धंद्याची योजना मांडायच्या स्पर्धेला मीच बाईंना आग्रहाने बोलावलं. त्या ठेवणीतला निळा कोट घालून, गरम पास्ट्यांचा ट्रे घेऊन पहिल्या रांगेत बसल्या.

केंड्राने पडद्यावर योजना मांडली: पास्टीचं नवं दुकान. मग मीच वर्गात दिलेल्या नमुन्यातला मथळा आला, 'प्रतिस्पर्ध्याच्या उणिवा'. खाली ओळी होत्या. मालकीण थकलेली. गुडघे खराब. वारस नाही. सोमवारी बंद.

बाईंचे हात मांडीवरच्या ट्रेवर तसेच राहिले. मी थांबवायला हवं होतं. त्या ओळी आठवड्यापूर्वी माझ्याच हाताखालून गेल्या होत्या, आणि शेजारी मी लाल शाईने लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष अभ्यास उत्कृष्ट!' परीक्षकांतले पेट्रोल पंपवाले नेल्सन उठून म्हणाले, "सोमवारचा मुद्दा लाख मोलाचा! माझ्या पंपावर जागा आहे, पोरी, ये उद्याच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाईंनी शांतपणे ट्रे फिरवला. केंड्राला म्हणाल्या, "खा गं, छान बोललीस." तिचा चेहरा लाल झाला. तिला तरी लाज वाटली.

दोन आठवडे मी त्या रस्त्याने गेलोच नाही. लांबचा फेरा मारून कॉलेज गाठायचो, इतका शूर मी! शेवटी एका सोमवारी गेलो. पंपावर पास्ट्यांची पाटी झळकली होती. इकडे बाईंच्या दारावरही हाताने लिहिलेला कागद होता: 'आता सोमवारीही सुरू'.

मूर्खासारखा म्हणालो, "बरं केलंत. पण गुडघ्यांना विश्रांती नको का?"

"गुडघ्यांचं काय मध्येच?" त्यांनी कड वळता वळता विचारलं.

"नाही, मला वाटायचं सोमवारची सुट्टी गुडघ्यांसाठी."

त्यांचे हात थांबले. "गुडघ्यांसाठी कोण दुकान बंद ठेवतं? तुझी पोरं सोमवारी यायची ना. गिऱ्हाईक रांगेत असताना त्यांच्याशी धड बोलणार कशी? म्हणून तू पहिल्यांदा पोरं धाडलीस, तेव्हापासून सोमवार बंद ठेवला."

अकरा वर्षं. मी उगाच खिशात काहीतरी शोधू लागलो.

"इर्याबाई," कसाबसा म्हणालो, "मला माहीत नव्हतं."

"कसं असणार? दर वर्षी पोरं धाडलीस. तू स्वतः कधी आलास?" त्यांनी माझ्यासमोर कॉफीचा कप ठेवला आणि मागच्या माणसाकडे पाहिलं. "जरा सरक, डेल. गिऱ्हाईक खोळंबलंय."