पाणी न देण्याचा वाफा

आमच्या वनस्पती उद्यानाचा आराखडा पंचवीस वर्षांचा होता. त्यातला पहिला वाफा दोन वर्षंही टिकला नाही.

मी आरेखक. साताऱ्याच्या कचेरीतून सांगलीला बदली झाली तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच ओसरला होता. गावातल्या प्रतिष्ठितांनी समिती करून नऊ एकर काळी जमीन मिळवली होती. तिथं लोकांसाठी बाग करायची, पण नुसती फुलांची नाही, झाडांची ओळख करून देणारी, असं ठरलं होतं. नकाशे काढायला माणूस हवा म्हणून वरिष्ठांनी मला दिलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक झाडं निवडत आणि मी ती जमिनीवर बसवत असे. रविवार, सुट्ट्या सगळ्या त्यात जात. बायको म्हणायची, घराच्या परसात तुळस वाळली, तिचा आराखडा कधी निघणार?

कल्पना साधी होती. पूर्वेच्या फाटकातून आत आलेला माणूस आटपाडीच्या माळावरून चालत निघावा, मध्ये कृष्णाकाठ लागावा आणि पश्चिमेच्या टोकाला तो महाबळेश्वरच्या रानात पोचावा. पश्चिमेला हिरडा, अंजनी, जांभूळ. मध्ये करंज, उंबर. पूर्वेला हिवर, खैर, बोर, तरवड, नेपती आणि निवडुंग. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्हे अर्ध्या तासात पायाखालून जावेत. घाटातली झाडं सावकाश वाढतात, त्यांची सावली पडायलाच वीस वर्षं लागतात, म्हणून पंचवीस वर्षांचा हिशेब. कोणत्या वर्षी काय लावायचं, काय काढायचं, कुठली वाट कधी बंद ठेवायची, हे सगळं मांडलं होतं.

मला स्वतःला त्यात काय हवं होतं, ते सांगतो. मी मूळचा आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दुष्काळात आमच्याकडची माणसं जनावरं घेऊन नदीकाठी आली, तेव्हापासून इथं ‘दुष्काळी’ हा शब्द शिवीसारखा झाला होता. नळावर भांडण झालं की माझ्या बायकोलाही तो ऐकावा लागे, आणि ती तर साताऱ्याची. ऊसवाल्यांच्या या गावात आमच्या माळाची झाडं त्यांच्या नावाच्या पाट्या लावून उभी राहावीत आणि लोकांनी ती थांबून बघावीत, एवढी माझी इच्छा होती.

काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि माळाच्या झाडाला ते सोसत नाही. म्हणून पूर्वेच्या वाफ्यात तीन फूट मुरूम भरून घेतला. आराखड्यात नियम घातला की पहिल्या उन्हाळ्यात रोपाला तांब्या-तांब्यानं पाणी द्यावं, त्यानंतर कधीही नाही.

समितीच्या बैठकीत आराखडा टाळ्यांनी मंजूर झाला. तो पूर्ण वाचला होता एकट्या अध्यक्षांनी. हे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, बागेला लागून त्यांचा ऊस. सगळे त्यांना आबा म्हणत. मनानं दिलदार माणूस. त्यांनी पूर्वेच्या वाफ्यावर बोट ठेवलं.

“आवं, हितं पाण्याची पाळी लिवायची ऱ्हायलीय.”

मी म्हणालो, “राहिली नाही, आबा. द्यायचंच नाही.”

“जवळ पाणी असून?”

“असून.”

“म्हंजे पावण्याला पाटावर बसवायचं आन् वाढायचं न्हाई,” ते म्हणाले. बैठक हसली. मीही हसलो.

रोपं माझ्या मामांनी आणली. कोवळी हिवरं, तरवडाची रोपं, निवडुंगाचे तुकडे गोणपाटात गुंडाळून ते एसटीच्या टपावरून घेऊन आले. कंडक्टरनं त्यांना विचारलं म्हणे, की म्हातारबा, कुंपण कुणाच्या शेताला? मामांनाही हा सगळा खटाटोप चमत्कारिक वाटत होता, पण भाच्यानं मागितलं म्हणून आणली. लावताना प्रत्येक रोपाला ते हात लावून गेले.

पहिला उन्हाळा रोपांनी काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे पानं टाकली. माळावर असंच होतं, त्यात नवल काही नाही. पण फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा दिसायच्या त्या काटक्या. गावानं तिला दुष्काळी बाग म्हणायला सुरुवात केली. संध्याकाळी फिरायला येणारे आबांना विचारत, इंजिन बिघडलंय का? हे बोलणं आबांच्या जिव्हारी लागलं. पाणी असलेल्या माणसाच्या शेजारी काही वाळत उभं असणं ही त्यांच्या लेखी बेअब्रू होती.

त्याच सुमारास मुंबईचे कुणी बडे पाहुणे बाग बघायला येणार असं ठरलं आणि मला कामासाठी साताऱ्याला जावं लागलं. परत आलो तो वाफा ओळखू येईना. आबांनी स्वखर्चानं स्वतःच्या विहिरीवरून पाइप टाकला होता. गडी लावून मुरमात सऱ्या ओढल्या होत्या, उसाला ओढतात तशा, दोरी धरून. आठवड्याला एक पाळी, सरी काठोकाठ. हिवराच्या बुडाशी पाणी चमकत होतं.

आणि झाडं हिरवी झाली होती. तेच वाईट झालं. पाहुण्यांनी कौतुक केलं, आबांना हार घातला. लोक माझ्याकडे बघून म्हणत, बघा, तहानलेली होती बिचारी.

मी प्राध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, मुळं कुजणार, पावसाळा लागला की संपलं. हे बैठकीत सांगा, असं मी त्यांना म्हटलं. बैठकीत ते उठले आणि म्हणाले की प्रयोग म्हणून पाहायला हरकत नाही. त्या वर्षी कॉलेजच्या कार्यकारी मंडळावर आबा होते.

पावसाळ्यात वाफा पिवळा पडला. दसऱ्यापर्यंत एकही झाड उरलं नाही. निवडुंग तर हात लावला की लगदा व्हायचा. समितीनं निष्कर्ष काढला की त्या भागातली झाडं इथं येत नाहीत, हे आता सिद्ध झालं आहे. तिथं गुलाब लावावेत आणि रंगीत दिव्यांचं कारंजं करावं. मी उठलो आणि म्हणालो, झाडं पाण्यानं मेली एवढं इतिवृत्तात लिहा.

आबा रागावले नाहीत. समजावल्यासारखं म्हणाले, “पाण्यानं झाड मरतंय, हे ह्या गावात कुणाला सांगू नगा. लोक तुमाला हसतील.”

गुलाबाचा नकाशा मी काढला नाही. तो दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतला. एक बदल मान्य झाल्यावर बाकीचे सोपे गेले. पश्चिमेच्या रानाच्या जागी मुलांची आगगाडी आली, कृष्णाकाठावर उपाहारगृह. आराखड्याच्या मुखपृष्ठावर अजूनही पंचवीस वर्षं असंच लिहिलेलं होतं.

पुढच्या वर्षी मामा मिरजेला डोळे दाखवायला आले आणि आपली झाडं बघायची म्हणाले. मी टाळून पाहिलं. ऐकेनात. कारंजं चालू होतं. मामा कठड्याला धरून बराच वेळ उडणारं पाणी बघत राहिले, अंगावर तुषार आले तरी सरकले नाहीत.

“ब्येस केलंय,” ते म्हणाले. “आमच्या हिवराला बघाया कोण आलं असतं रं हितं?”

मी खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

“त्यातलं एकबी ऱ्हायलं न्हाई?”

“नाही, मामा.”

त्यांनी मान हलवली. “व्हय. पानी कमी पडलं असंल.”

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पण ते पुन्हा कारंज्याकडे वळले होते आणि त्यांच्या तोंडावर जत्रेतल्या माणसासारखा आनंद होता. गाडीची वेळ झाली, एवढंच मी म्हणालो.