चौदा नंबरहून पंधरा नंबरकडे

सापुताऱ्याचा घाट लागला आणि मी डोळे मिटून घेतले. नाशिकहून सकाळी निघालेली एसटी त्या वळणांवर अशी डोलत होती, की सकाळचे पोहे पोटात राहणार की बाहेर येणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात उरला. "हा रस्ता सरळ का नाही हो काढला?" मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि उलट विचारलं, "साड्या घ्यायला चाललात का?"

नाशिकची बाई सुरतेला निघाली की तिला साड्यांशिवाय दुसरं काम असू शकतं, हे कुणाला पटत नाही. मी चालले होते फिलूकडे. फिलू म्हणजे फिलोमिना. श्रीरामपूरला सिस्टरांच्या शाळेत आम्ही सात वर्षं एका बाकावर बसलो. पुढे मी शिक्षिका झाले आणि ती सायमनशी लग्न करून सुरतेला गेली. सायमन तिथे साच्यावर (सुरतेत पॉवरलूमला साचा म्हणतात) काम करी. तीस वर्षं ती मला बोलावत होती. मी नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे सबब उरली नव्हती. प्लेगाची साथ येऊन गेली त्यालाही दोन-तीन वर्षं झाली होती, तरी गल्लीतल्या बायकांनी तोंडाला रुमाल बांधायला बजावलंच होतं.

घाट संपल्यावर डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना पळस फुललेला. पानझडीत एवढा भडक रंग बघून पोटातली मळमळ विसरले.

फिलू सुरतेच्या डिंडोली भागात राहते. एका रांगेत वीस खोल्या, पुढे सलग ओटा, पत्र्याची छपरं आणि लांबवर साच्यांची अखंड खडखड. तिच्या दारावर चौदा नंबर रंगवलेला होता. तिने मला मिठी मारली, पिशवी काढून घेतली आणि पाच मिनिटांत चहाचा कप पुढे केला. एकच कप. स्वतः समोर बसून ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुझा कुठाय?"

"मी सोडलाय चहा. उपासकाळ हाय ना आमचा. ईस्टरपर्यंत न्हाई."

उपासकाळ म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्यात मटण-मासळी बंद, आणि शिवाय प्रत्येकाने स्वतःला आवडणारी एक गोष्ट सोडायची. फिलूने चहा सोडला होता आणि सायमनने विडी. त्यामुळे संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा केसांत सुताचे तंतू आणि कपाळावर आठ्या होत्या. "या ताई," एवढंच म्हणाला, पण हातात माझ्यासाठी लोचोचा (हरभरा डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ, वर तेल आणि शेव) पुडा होता.

"तू बरोब्बर आलीस," फिलू म्हणाली. "चाळीस दिवस आमचं घर तुझ्यासारखंच शाकाहारी."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, म्हणजे कडक उपास. मी साबुदाणा भिजवायला निघाले तर ती पोट धरून हसली. "अगं सुमे, आमच्यात उपास म्हंजी पोट रिकामं ठेवायचं. तुमचा उपास बघून आम्हाला भूक लागती." एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मी स्वतः वर्गात शिकवलेली होती. मुकाट्याने दुपारी एकदाच वरण-भात जेवले.

त्या संध्याकाळी ती मला रिक्षाने चर्चमध्ये घेऊन गेली. तिथे ‘क्रुसाची वाट’ होती. येशूला शिक्षा झाल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतची चौदा चित्रं भिंतीवर असतात. प्रत्येक चित्रापुढे थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची आणि पुढे सरकायचं. मजा अशी, की दर चित्रापाशी भाषा बदलत होती. व्याऱ्याकडची माणसं गुजरातीत म्हणत, हजीऱ्याच्या कारखान्यातली मल्याळी कुटुंबं मल्याळीत, मग कोंकणी, मग तमिळ. नवव्या चित्रापाशी नगरकडच्या बायकांनी मराठीत सूर लावला आणि माझ्या अंगावर एकदम काटा आला. परक्या गावात आपली भाषा गुडघे टेकून भेटेल, असं मला वाटलं नव्हतं. गुडघ्यांचं म्हणाल तर सहाव्या चित्रानंतर मी उभीच राहिले. शेजारच्या तमिळ नर्सने हळूच हाताला धरून मला बाकावर बसवलं.

घरी आल्यावर ओट्यावर एक गोष्ट दिसली. चौदा नंबर आणि पंधरा नंबर यांच्या मधोमध फुटकी कौलं उभी करून एक रांग लावलेली होती. बाकी ओटा सलग, फक्त इथेच हद्द. फिलू पाणी भरायलाही उलट्या बाजूने, सगळ्या रांगेला वळसा घालून जायची. आणि रात्रीच्या जेवणाआधी घरात प्रार्थना सुरू झाली, तेव्हा भिंतीपलीकडूनही तीच प्रार्थना ऐकू येऊ लागली. आमचं ‘आमेन’ झालं की श्वासभराने पलीकडचं ‘आमेन’ यायचं.

"शेजारीही तुमच्यातलेच का?" मी विचारलं.

"आहेत," फिलू म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली. चौकस असले तरी मी इतकी निर्लज्ज नाही. पुढे विचारलं नाही.

शनिवारी दाविद मास्तर आले. मास्तर म्हणजे इथल्या मराठी कुटुंबांना धर्मशिक्षण देणारे, काळी टोपी घालणारे सडपातळ गृहस्थ. त्यांच्या हातात चहाने भिजलेला एक कागद होता. उपासकाळात सागवानी लाकडाचा दोन हात लांब क्रूस इथे घरोघरी मुक्कामाला जातो. एक रात्र एका घरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरच्यांनी तो स्वतःच्या हातांनी पुढच्या घरी न्यायचा. देणाऱ्याने "शांती असो" म्हणायचं, घेणाऱ्याने "तुमच्याबरोबरही" म्हणायचं. तिसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा नाही. कुणाच्या घरानंतर कुणाचं घर, याची ती यादी होती.

"बाई, तुमचं अक्षर शिक्षिकेचं. उरलेल्या घरांची यादी उतरवून चर्चच्या सिस्टरांकडे द्याल का? उद्या मिस्सात (रविवारच्या उपासनेत) फादर वाचतील. मला आजच लेकीकडं व्याऱ्याला निघायचंय." दारातून ते परत वळले. "जशीच्या तशी उतरवा हं."

फिलू बाजारात गेली होती. मी पाट मांडून बसले, यादी बघितली आणि माझे हात शिवशिवायला लागले. नऊ नंबरनंतर पंधरा, मग बारा, मग एकोणीस, मग परत मागे चौदा! एवढा जड क्रूस घेऊन लोकांनी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा का घालायच्या? मास्तर धर्मात हुशार असतील, पण नियोजनात कच्चे, असं मी मनात म्हटलं आणि सगळी घरं क्रमाने लावली. नऊ, बारा, चौदा, पंधरा, एकोणीस. पट्टीने रेघा मारल्या. ‘जशीच्या तशी’ हे मी पस्तीस वर्षं मुलांना बजावलेले शब्द, आणि मीच ते मोडले. संध्याकाळी चर्चमध्ये बायका उपासकाळात मूर्ती झाकतात त्यासाठी जांभळं कापड शिवत बसल्या होत्या. साधं जांभळं मिळालं नाही म्हणून सोनेरी बुट्ट्यांचं आणलं होतं आणि बुट्ट्या आत जाव्यात म्हणून उलटी बाजू बाहेर ठेवून शिवत होत्या. ते बघण्याच्या नादात मी यादी सिस्टरांच्या हाती दिली आणि मोकळी झाले.

रविवारी फादरांनी गुजरातीत यादी वाचली. "सोमवारे बार नंबर, मंगळवारे चौद नंबर, बुधवारे पंदर नंबर."

फिलूने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. दोन बाक पुढे बसलेल्या एका वयस्कर बाईंचं डोकं पदराखाली एकदम ताठ झालं. आमच्या मागे रांगेतलीच एक खानदेशी बाई पुटपुटली, "आते काय व्हई वं माय!"

घरी आल्यावर फिलूकडून सगळं कळलं. पंधरा नंबरात सायमनचा थोरला भाऊ याकोब आणि जाऊ मार्थाबाई, म्हणजे त्या पुढच्या बाकावरच्या बाई, राहतात. सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दोघा भावांची आई इथेच सुरतेत वारली. सायमन तेव्हा गावी होता. तार मिळाली तसा तो निघाला, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तोवर आईला पुरलं होतं. आमच्याकडे अग्नी देतात तशी यांच्यात मूठमाती. जवळच्या प्रत्येकाने खड्ड्यात मूठभर माती टाकायची. सायमनची मूठ राहिली. "माझ्या आईला माती द्यायला माझ्यासाठी थांबला न्हाईस," एवढं याकोबला बोलून सायमनने ओट्यावर कौलं रोवली. तेव्हापासून एक शब्द नाही. दाविद मास्तर दर वर्षी यादी अशी वाकडी करत, की या दोन घरांचा हात एकमेकांना लागू नये.

मला ओशाळून मेल्यासारखं झालं. "मी फादरांना जाऊन सांगते, चूक माझी आहे."

सायमन दारात पाठमोरा उभा होता. "वेदीवरून वाचलं ते वाचलं, ताई," तो म्हणाला. "पण मी त्या घरी जायचा न्हाई."

"मग क्रूस काय आपल्या घरीच ठेवून घ्यायचा का?" फिलूने विचारलं.

सोमवारी मास्तर परतले. चर्चच्या फलकावरची यादी बघून ते थेट माझ्याकडे आले. रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "सहा वर्षं मी त्यांना वळसा घालू दिला, बाई," ते म्हणाले. "बरं केलं का वाईट, ते मलाही कळलेलं न्हाई." मी मंगळवारी निघणार होते, पण माझ्याच्याने निघवेना. ज्या घरचं मीठ खाल्लं त्याच घरात आग लावून पळायचं कसं?

मंगळवारी क्रूस आला. फिलूने तो पाटावर ठेवला, मोगऱ्याचा गजरा घातला. सायमन रात्रभर त्याच्याकडे पाठ करून झोपला.

बुधवारी संध्याकाळी तो यायची वेळ टळून गेली. रांगेतली माणसं उगीचच ओट्यावर येऊन उभी राहिली होती. कुणी भाजी निवडत होतं, कुणी सायकल पुसत होतं, आणि कुणाचंच लक्ष त्यात नव्हतं. शेवटी सायमन आला. कुणाशी न बोलता त्याने हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि क्रूस उचलला. फिलूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो कौलांच्या रांगेपाशी थांबला, मग तिच्यावरून पाय टाकून पलीकडे गेला.

याकोब दारातच उभा होता. पांढरी दाढी, सायमनचंच नाक. त्याने दोन्ही हात पुढे केले. सायमनने क्रूस पुढे केला, पण सोडला नाही. दोन भाऊ एकच लाकूड धरून उभे.

"एक दिस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" सायमन म्हणाला.

"मे महिना व्हता, सायमन. दोनदा बर्फ आणला. तिसऱ्यांदा कुठंच मिळाला न्हाई. तिला तसं... तुला तसं दाखवायचं नव्हतं मला."

याकोबने मान मागे वळवली. "मार्था, आण."

मार्थाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात पत्र्याचा जुना डबा होता. सायमनने तो डबा ओळखला. त्याचा चेहराच सांगत होता. त्यांच्या आईचा मिसरीचा (दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूचा) डबा. याकोबने क्रूस एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने झाकण काढलं. आत कोरडी काळी माती होती.

"खड्ड्याचीच हाय. त्या दिवशीच काढून ठेवली. तुझी मूठ."

"मग सहा वर्षं दिली का न्हाईस?"

"तू दारात आला न्हाईस. अन् तुझ्या दारात यायला मला तोंड नव्हतं."

सायमनने डब्यात हात घातला. बराच वेळ तो हात तसाच आत होता आणि खांदे हलत होते. मग त्याने क्रूस सोडला. "शांती असो, दादा," तो म्हणाला. ‘तुमच्याबरोबरही’ याकोबने म्हणायचं होतं, पण त्याने नुसता क्रूस छातीशी धरला. ते मार्थाबाईंनी म्हटलं.

प्रार्थनेला सगळे पंधरा नंबरात गेले. मी चौदा नंबरातच राहिले. तोंड लपवायचं होतं आणि रडायचंही होतं. भिंतीपलीकडून प्रार्थना ऐकू येत होती, आणि शेवटी ‘आमेन’ एकदाच आलं.

गुरुवारी सकाळी दोघे भाऊ एकाच सायकलवरून कबरस्तानात गेले. याकोब पुढे पॅडल मारत होता, मागच्या कॅरिअरवर सायमन डबा पोटाशी धरून बसला होता. मी त्याच वेळी स्टँडला निघाले. फिलूने भाकरी आणि चटणी बांधून दिली आणि रिक्षा सुटताना म्हणाली, "सुमे, पुढच्या वर्षी यादीला हात लावायचा न्हाई." हसत होती, पण मी मान डोलावली.

परतीच्या एसटीतही एकीने साड्यांचं विचारलंच. घेतली नाही म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. सापुताऱ्याचा घाट आला. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. प्रत्येक वळणावर खाली दरी दिसत होती आणि रस्ता तिला वळसा घालत होता. मास्तरांची यादी याच जातीची होती. मी पट्टी घेऊन ती सरळ केली, खाली काय आहे ते न बघता. मी सरळ केली म्हणून भाऊ भेटले, असं श्रेय घ्यायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण सायमन तिथे जाऊन नुसता भांडून परतला असता, तरी यादी माझीच असती. दरीत कुणी पडलं नाही, कारण पलीकडच्या घरात कुणीतरी सहा वर्षं एक मूठ माती जपून ठेवली होती.