जंतूंचे वैरी आणि दह्याचं गाडगं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, मुलुंडला माझ्या साडूंच्या घरी आदल्या संध्याकाळी लावलेलं दही लागलं नाही. गाडग्यात दूध ओतलं होतं, सकाळी दूधच होतं. मे महिन्यात, मुंबईत.

ही बातमी का होते हे कळायला आधी साडू कळायला हवेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणायचो. दहिसरच्या नाक्यापासून मुलुंडच्या नाक्यापर्यंत जंतूंचा त्यांच्याएवढा कट्टर वैरी दुसरा झाला नाही, हे विधान मी तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो तरीही जबाबदारीने करतो. फिनेल आणि तत्सम औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते. औषधात किती पाणी घातलं तरी जंतू मरतात आणि कितव्या थेंबाला ते मरेनासे होतात, हे पाहणं त्यांचं काम. कारखाना संध्याकाळी बंद व्हायचा, दाजी बंद व्हायचे नाहीत. त्यांच्या घरी भाजी पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडून बाहेर आल्याशिवाय सुरीखाली जात नसे. द्राक्षं, कोथिंबीर, एकदा तर माझ्या बायकोने नेलेली चाफ्याची फुलंसुद्धा त्या पाण्यातून निघाली. त्यांची नखं कायम तपकिरी असत. नवा माणूस त्यांना तंबाखूचं व्यसन आहे असं समजायचा, आणि दाजी सुपारीसुद्धा खात नसत, कारण ती कोणी कातरली हे माहीत नसतं.

पण ते घाबरट नव्हते. घाबरट माणूस दिसेल तिथे औषध ओततो. दाजींना तसं ओतणाऱ्यांचा संताप यायचा. फिनेल पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते पाहून लोकांना वाटतं काम झालं. "पांढरं पाणी झालं, जंतू नाही मेले," ते म्हणायचे. त्यांच्या इमारतीत एका पावसाळ्यात काविळीची साथ आली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी ब्लिचिंग पावडरची पिशवी घेऊन गच्चीवरच्या टाकीकडे निघाले. दाजी जिन्यात आडवे झाले.

"आधी टाकीतला गाळ काढा."

"अहो, पावडर टाकली की मरतात ना सगळे?"

"गाळ ती पावडर खाऊन टाकतो. जंतूंच्या वाट्याला काय उरणार?"

"मग दोन पिशव्या टाकू!"

"मग जंतूही मरतील आणि पहिल्या मजल्यावरचे जोशीही. ते आधीच आजारी आहेत."

जोशी दारातून म्हणाले, "माझं नाव कशाला घेता हो?" शेवटी टाकी रिकामी झाली, गाळ निघाला, भिंती घासल्या आणि मग मोजून पावडर पडली. त्यानंतर सेक्रेटरी दाजींना पाहिलं की दुसऱ्या जिन्याने जात. इमारतीला जिना एकच होता, म्हणजे ते गच्चीत जात आणि दाजी गेल्यावर खाली येत.

त्यांचा दुसरा आग्रह वेळेचा. औषध लागलं आणि जंतू मेला असं होत नाही, त्याला मरायला वेळ लागतो, आणि तो वेळ जगात कोणीच देत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. अंधेरीला माझ्यासोबत एकदा ते न्हाव्याकडे आले. न्हाव्याने वस्तरा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि थेट दाजींच्या गालाकडे आणला. दाजींनी मनगट धरलं. "थांबा. त्याला जरा तसाच राहू दे." न्हावी थांबला. बाकावरची गिऱ्हाइकं थांबली. दाजींनी त्या वेळात सगळ्यांना सांगितलं की निव्वळ स्पिरिटपेक्षा थोडं पाणी घातलेलं स्पिरिट जास्त मारतं, कारण निव्वळ स्पिरिटने जंतूचं कवच वरून घट्ट होतं आणि तो आत शाबूत राहतो. "म्हणजे पाणी मारलेलं जास्त चढतं," बाकावरून कोणीतरी म्हणालं. न्हावी म्हणाला, "साहेब, तोंडावरचा साबण सुकला. जंतू मेले असतील तर बघा, नायतर मी परत फेस करतो." त्याने परत फेस केला. दाजी तक्रार न करता बसले.

एवढं असूनही जखमेवर फिनेल लावायला निघालेल्या शेजाऱ्याला त्यांनीच एकदा रोखलं होतं. फरशीचं औषध वेगळं, अंगाचं वेगळं. "कातडीही जिवंतच असते हो," ते म्हणाले. "जंतूला मारतं ते तुम्हाला का सोडेल? मारायचं किती आणि थांबायचं कुठे, एवढंच तर शास्त्र आहे."

आता दही. माझ्या सासूबाई लग्न होऊन मालवणहून बोटीने मुंबईला आल्या तेव्हा एका डबीत माहेरचं विरजण घेऊन आल्या. तेच रोज पुढे चालत राहिलं. त्या गेल्यावर ते त्यांच्या थोरल्या मुलीकडे, म्हणजे दाजींच्या बायकोकडे, मातीच्या गाडग्यासकट आलं. आम्ही तिला ताई म्हणतो. ताईकडे आईचा फोटो एकच होता आणि तो हललेला होता. ती म्हणायची, आई फोटोत नाही, गाडग्यात आहे. त्या गाडग्याला साबण लागत नसे. कोमट पाण्याने विसळायचं आणि उन्हात पालथं घालायचं. दाजींच्या घरात औषधाला मज्जाव असलेली तेवढी एकच जागा होती, आणि दाजी ती पाळत. "ते आपल्या बाजूचे जंतू आहेत," म्हणायचे. "दूध आंबट करून ते बाकीच्यांना वाढू देत नाहीत. माझंच काम करतात, पगार न घेता."

त्या मे महिन्यात ताई नाशिकला नणंदेकडे गेली. रविवारी दुपारी परत येणार होती. घर एकट्याच्या ताब्यात मिळाल्यावर दाजींनी स्वयंपाकघर मुळापासून स्वच्छ करायचं ठरवलं. फळ्या, डबे, मोरी, सगळं आधी साबणाने, मग औषधाने. मग नजर गाडग्यावर गेली. त्याच्या काठाला हिरवट बुरशी दिसली, असं ते नंतर म्हणाले. त्यांनी सावधपणे दही वाटीत काढून ठेवलं, गाडगं ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवलं, पुरेसा वेळ दिला, स्वच्छ धुतलं, पुसलं, दूध ओतलं, वाटीतलं सगळं विरजण त्यात घातलं आणि वाटी उकळत्या पाण्यात टाकली. एक गोष्ट सुटली. काच पाणी पीत नाही, स्टील पीत नाही. माती पिते. प्रयोगशाळेत मातीची भांडी नसतात.

शनिवारी सकाळी ते बोरिवलीला आमच्या दारात उभे होते. हात धुतल्याशिवाय ते खुर्चीवर बसले, तेव्हाच बायको घाबरली.

"दाजी, काय झालं? ताई बरी आहे ना?"

"ताई बरी आहे. आई गेली."

"आईला जाऊन वर्षं झाली!"

"आता पुरती गेली," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही बातमीदार. सासूबाईंनी विरजण कोणाकोणाला दिलं होतं, शोधून काढा. आणि तुमच्या फोटोग्राफरच्या डार्करूममध्ये हायपो असतो ना? तो चिमूटभर आणा. मातीत मुरलेला ब्लिचिंगचा क्लोरीन त्यानेच मरतो. ते गाडगं पुन्हा माणसात आणायचंय."

"दुसरं दही घालू, दाजी. तिला कुठे कळणार?" बायको म्हणाली.

"मला कळेल."

चौकशी लांबली नाही. आमच्याकडचं विरजण आम्ही गावाला गेलो तेव्हाच संपलं होतं. अंधेरीला मेव्हण्यांनी फ्रीज घेतला आणि दही डेअरीतून येऊ लागलं. मुलुंडच्या शेजारीणबाईंकडे होतं, पण त्यांनी ते आपल्या दह्यात मिसळलं होतं. दाजी म्हणाले, "मिश्र नमुना चालणार नाही." उरल्या गोराईच्या मावशी. या सासूबाईंच्या दारावर मासे विकायला येणाऱ्या कोळीणबाई. दोघींचं भांडण माशांच्या भावावरून रोज व्हायचं आणि चहाही रोज व्हायचा. मावशींचे यजमान आजारी असताना सासूबाईंनी त्यांना ताकासाठी विरजण दिलं होतं. त्याला किती वर्षं झाली हे कोणालाच नक्की सांगता येईना.

दाजी आणि मी होडीने खाडी ओलांडून गेलो. दाजींच्या पिशवीत घरून उकळून आणलेला स्टीलचा डबा होता, उकळलेल्या फडक्यात बांधलेला. मावशी ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या आणि त्याच हातांनी त्यांनी दाजींचे दोन्ही गाल धरले.

"आरं जावया! वाट चुकलास काय? पोरगी कशी हाय माजी?"

"बरी आहे. मावशी, ते सासूबाईंचं दही..."

"तिचं दही? हाय ना. रोज लावतंय. ती गेली तवापासून एक दिस खाडा नाय." मावशी आत गेल्या. जाळ्यांच्या बंडलाशेजारून त्यांनी मातीचं बोळकं आणलं, त्यात तर्जनी घातली आणि बोट दाजींसमोर धरलं. "चाख. मंग सांग."

मी दाजींकडे पाहत होतो. बोटाला बोंबलाचा भुगा चिकटलेला होता. या माणसाने स्वतःच्या लग्नात घास भरवायच्या आधी नवरीला हात धुवायला लावले होते. त्यांनी वाकून ते बोट चाटलं. 

"तेच आहे," ते म्हणाले.

"तेच रं. दुसरं कुटचं असंल? पण रडतंस कशाला?"

"आंबट आहे, मावशी."

मावशींनी मग डबा मागितला, फडकं सोडलं, आत नाक घातलं आणि मान हलवली. "ह्याला दवाखान्याचा वास येतो. त्या दह्याला ह्यात करमंल कसं?" बोळक्यातलं थोडं दही घेऊन त्यांनी डबा आतून बोटांनी सारवला, कानाकोपऱ्यापर्यंत. दाजींनी डोळे मिटले. मग मावशींनी डबा भरून दिला, वर मूठभर बोंबील दिले आणि पैशांबद्दल बोललो तर होडीत बसू देणार नाही असं सांगितलं.

दिवेलागणीला मुलुंडमध्ये गाडगं मी आणलेल्या हायपोच्या पाण्यातून, मग उकळत्या पाण्यातून आणि मग पुन्हा पुन्हा साध्या पाण्यातून निघालं. दाजी दर वेळी त्यात नाक घालून बसत. शेवटी दूध कोमट केलं, करंगळीने पाहिलं, विरजण घातलं आणि वर ताट झाकलं. रविवारी सकाळी दाजींनी गाडगं तिरकं केलं. दही हललं नाही.

ताई दुपारी आली, पाय धुऊन आम्हा तिघांसोबत ताटावर बसली आणि दहीभाताचा पहिला घास घेऊन थांबली. चिडली किंवा हसू आलं की तिच्या तोंडी मालवणी यायची.

"अहो, ह्या दह्याक सुक्या बोंबलाचो वास कसो येता?"

माझी बायको मोरीकडे गेली. मी पाणी प्यायलो. दाजींनी बुरशीपासून बोंबलापर्यंत सगळं सांगितलं, कुठेही न थांबता, एखादा अहवाल वाचावा तसं. ताईने ऐकून घेतलं. तिने गाडगं पुढे ओढलं, गोल फिरवून काठ पाहिला आणि विचारलं, "मावशीच्या बोटावरचं खाल्लंत? तुम्ही?"

"खाल्लं."

"हात धुतले होते तिने?"

"नाही."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पदराने डोळे पुसून तिने ताटात आणखी दही वाढून घेतलं. "वास जाईल चार दिवसांत," ती म्हणाली. "आणि नाही गेला तर राहू दे."

त्यानंतर दाजींनी प्रयोगशाळेतली पद्धत घरात आणली. महत्त्वाचा नमुना एकाच जागी ठेवायचा नाही. आमच्या घरी विरजण पुन्हा आलं, अंधेरीला मेव्हण्यांच्या फ्रीजमधल्या डेअरीच्या दह्याशेजारी आलं, आणि दर मे महिन्यात दाजी एक डबा घेऊन गोराईला जाऊ लागले, मावशींचं बोळकं कधी रिकामं पडलं तर म्हणून. मावशी होत्या तोवर ते कधीच रिकामं पडलं नाही. मावशी त्यांचा डबा ठेवून घेत, आपला भरून देत, आणि दोघं ओट्यावर बसून एकमेकांचं दही चाखत. कोणाचं जास्त आंबट यावर वाद होई.

दशक संपता संपता मावशी गेल्या. त्या वर्षीही मे महिन्यात दाजी डबा घेऊन गोराईला गेले. मी सोबत होतो. दार मावशींच्या सुनेने उघडलं. तिने डबा घेतला, दही मावशींच्या रिकाम्या बोळक्यात ओतलं, डबा घागरीतल्या पाण्याने विसळला आणि परत दिला. दाजींनी तो तसाच ओला, न पुसता पिशवीत ठेवला. भरती सुरू झाली होती, होडी लवकर सुटली.