साहेबांविना भरलेला स्लॅब

मंडळी, आज सकाळी आमच्या ओढ्यावर नव्या पुलाचा स्लॅब भरून राहिले होते. माझी म्हातारी आई तिथं गेली आणि ठेकेदाराला म्हणाली, "इंजिनिअर साहेब आल्याबिगर भरू नका."

तो हसला. त्याला काय ठाऊक!

बाहत्तरच्या दुष्काळानंतर याच ओढ्यावर पहिला पूल झाला. माझे वडील तिथं मजूर होते. अख्ख्या तालुक्याला काम तपासणारा एकच ओव्हरसियर, तो दुसरीकडं अडकलेला. ठेकेदाराला टेकूची लाकडं दुसऱ्या कामावर न्यायची होती. त्यानं ओल्या स्लॅबखालचे टेकू काढायला लावले. वडील खाली गेले अन् स्लॅब त्यांच्यावर कोसळला; ते तिथंच वारले. आई पलीकडं माती वाहत होती. मी तिच्या पोटात होतो.

आज मी इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "आईचं बराबर आहे हो, पण माझ्याकडं दोन तालुके हायेत. कुठं कुठं उभा राहू?" तो खोटं बोलत नव्हता.

दुपारपर्यंत स्लॅब भरून झाला. आई जेवली नाही.

पन्नास वर्षांत पूल वाढले, मग ते तपासणारी माणसं काहून वाढली न्हाईत? तुमच्या गावात काम चालू असताना कुणी बघायला येतं का? खरं सांगा.