क्लच नसलेली गाडी आणि मुशीचं तेल

काकांनी ती गाडी वसईजवळ आमच्या वटारला आणली तेव्हा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी दार उघडून खाली वाकायला लावत. "पायडलं मोज," म्हणत. "दोनच आहेत ना? तिसरं शोधून दाखव!" माणूस बिचारा पायपुसणं उचलून बघायचा. क्लच नव्हताच. गिअर गाडी आपले आपण बदलायची. मुंबईकडे कारखाना उभारायला आलेले कोणी अमेरिकन साहेब परत जाताना मागे टाकून गेले होते, ती ही गाडी. पुढे दोनतीन माणसं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा आणि स्टिअरिंग डावीकडे. आज तिला कुणीही पिकअप म्हणेल. आम्ही तिला ट्रक म्हणायचो, कारण काकांना तसं म्हटलेलं आवडायचं.

काकांची केळीची आणि पानवेलीची बाग होती. केळीचे लोंगर आणि पानांच्या करंड्या स्टेशनवर पोचवायला तोवर बैलगाडी होती. आता क्लच नसलेली गाडी आल्यावर बैलगाडीवाले शेजारी काकांना दिसेनासेच झाले. चालवायला त्यांनी शेजारच्या वाडीतला एक ख्रिस्ती ड्रायव्हर ठेवला. लढाईच्या वेळी त्याने लष्कराचे ट्रक हाकले होते आणि एरवी तो कुणाला भीत नसे, फक्त माझ्या काकूला भीत असे. पहिल्याच दिवशी काकांनी गाडीपुढे नारळ फोडला आणि ड्रायव्हरने फादरना आणून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. दोन्ही धर्मांनी आपापलं काम चोख केलं. आत तेल किती आहे ते बघा, असं मात्र दोन्हींपैकी कुठेच सांगितलेलं नसावं.

मी तेव्हा दादरला टॅक्स्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात कामाला होतो आणि रविवारी घरी यायचो. अशाच एका रविवारी गाडीत बसून स्टेशनकडे निघालो. मागे लोंगर रचलेले आणि त्यांच्या कडेला किनाऱ्यावरच्या कळंबच्या दोन कोळणी सुक्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. तळ्याच्या बांधावरचा चढ आला आणि इंजिनाने एकदम गळा काढला. ड्रायव्हरने पाय दाबला, तसा आवाज आणखी चढला, पण गाडी होती तिथेच. मग ती हळूहळू मागे यायला लागली.

"अरं ड्रायवर," मागून एक कोळीण ओरडली, "आवाज इमानाचा नि चाल खेकड्याची! पानी पाज तिला!"

"पाणी भरपूर आहे, मावशे!"

"मग उतरू दे आमाला. बाजार उठंल तवर."

त्या उतरल्या, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि चालत आमच्या पुढे गेल्या. वर एकीने मागे वळून आम्हांला हात केला. आम्ही निम्मे लोंगर खाली उतरवले, तेव्हा कुठे गाडी कण्हत चढ चढली. सपाटीवर आल्यावर पुन्हा शहाण्यासारखी चालली. पण गिअर बदलताना मध्येच इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडायचं आणि मग दणका देऊन पकडायचं.

घरी आल्यावर काकांनी सगळा मामला माझ्यावर ढकलला. "तू मुंबईत गॅरेजात आहेस ना? मग बघ."

गॅरेजात मी होतो खरा, पण आमच्याकडे गाडी अशी घसरली की क्लचप्लेट झिजली म्हणायचं, ती बदलायची आणि हात धुवायचे. इथे क्लचच नव्हता. मी गाडीखाली गेलो आणि बराच वेळ त्या भल्यामोठ्या गिअरबॉक्सकडे बघत पडून राहिलो. बाहेर उभ्या असलेल्या काकांना मी विचार करतोय असं वाटावं म्हणून अधूनमधून पान्हा आपटत होतो. शेवटी केबिनमध्ये पायाखालचं रबर उचलल्यावर पत्र्याचं एक झाकण सापडलं आणि त्याच्या आत तेल मोजायची पट्टी. मी ती पुसली, बुडवली, काढली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं.

"तेल बरोबर आहे," मी डॉक्टरच्या थाटात सांगितलं. "आतलं काहीतरी आहे. मुंबईला विचारून येतो."

मुंबईत विचारण्यासारखा माणूस एकच होता. ग्रँट रोडला एका गॅरेजात परदेशी वकिलातींच्या मोटारी यायच्या आणि तिथला पारशी फोरमन असल्या गिअरबॉक्सांचा बादशहा समजला जायचा. सगळ्यात जास्त तसं तो स्वतःच समजायचा. मी माझी कहाणी सांगितली. तो चहात पाव बुडवून खात होता आणि ऐकत नसावा असं मला वाटलं.

"तेल मोजला?" तो म्हणाला.

"हो. फुल्ल आहे."

"इंजिन चालू होता?"

"नाही, बंद."

त्याने पाव खाली ठेवला. "गधेडा! इंजिन बंद असेल तर वरचा सगळा तेल खाली येऊन बसते. फुल्लच दिसणार! गाडी फिरवून गरम कर, इंजिन चालू ठेव, मग मोज. तेल कमी, तर पंप काय खेंचणार? हवा! दाब नाही, तर आतले पट्टे ड्रमला पकडणार कशाने? तुझ्या प्रेमाने?"

मग त्याने आपल्याच मनगटाभोवती पंचा गुंडाळून मला पट्टे कसे असतात ते दाखवलं. गिअरबॉक्सच्या आत गोल ड्रम असतात आणि त्यांच्याभोवती पोलादी पट्टे. तेलाच्या दाबाने पट्टा आवळला की ड्रम थांबतो आणि गिअर पडतो. पट्टा ढिला झाला की ड्रम त्याच्यातून घसरत राहतो. बाहेरून पट्टे आवळायचे स्क्रू असतात. ते पुरते कसायचे आणि मग जरासे मागे घ्यायचे. किती मागे, ते त्याने माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन टेबलाच्या एका स्क्रूवर करून घेतलं. टेबल तेव्हापासून डुगडुगायला लागलं असावं.

"एवढा करून पण घसरली तर?" मी विचारलं.

"तर दुश्मनाला वीक," तो म्हणाला आणि पुन्हा पावाकडे वळला.

त्या गिअरबॉक्सचं खास तेल त्याच्याकडून घेतलं, पॅकिंग कापायला बुचाचं एक पातळ पान घेतलं आणि मी वटारला परतलो. आळीच्या तोंडाशी आलो तोच वास आला. अंगणात गाडी उभी होती आणि गाडीखाली गावातली झाडून सगळी मांजरं बसलेली. काही बॉनेटवरही होती. काका ओट्यावर बसून काठीने त्यांना हाकत होते.

"काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले.

"मुशीचं तेल घातलंन त्यात," घरातून काकू म्हणाली. "मी सांगत होते."

झालं होतं ते असं. मी गेल्यावर काकांना धीर निघेना. तेल घालायचं भोक कुठे आहे ते तर मी दाखवूनच गेलो होतो. कळंबच्या कोळ्यांकडे होडीच्या लाकडाला फासायला मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, तेल असतं. होडी समुद्रात वर्षानुवर्षं टिकते, मग गिअरबॉक्सला काय धाड भरली आहे, असा काकांनी हिशेब केला. आणलं आणि ओतलं. मग ड्रायव्हरने गाडी रस्त्यावर काढली तर ती आणखीच घसरली, झाकणातून फेस वर आला, आणि आळीतल्या मांजरांनी तिचा पाठलाग केला. घसरत्या गाडीच्या मागे मांजरं धावताहेत आणि ती गाडीला गाठताहेत, हे दृश्य शेजारच्या बैलगाडीवाल्यांनी डोळे भरून पाहिलं.

"अमेरिकन गाडी आहे," काका मला म्हणाले. "तिला आपलं पचलं नाही."

मी काही बोललो नाही. ते माझे काका होते आणि हातात काठी होती.

सगळं तेल काढून टाकायचं म्हणून मी गाडीखाली शिरलो आणि गिअरबॉक्सच्या तळाचं पसरट भांडं खोलायला घेतलं. तेव्हा दिसलं की त्या भांड्याची डावी कड पुरती ओली आहे. पॅकिंग सुकून फाटलं होतं आणि तिथून मूळचं तेल थेंबाथेंबाने गळत आलं होतं. खाली जमिनीवर जुने डाग होते. लाल.

"हे डाग कधीपासून आहेत?" मी विचारलं.

"पावसाळा संपल्यापासून," काकू म्हणाली. "विचार त्या मेल्याला! पान खातो आणि माझ्या सारवलेल्या अंगणात पिंका टाकतो. गाडीचं चक्र डावीकडे आणि डागही डावीकडेच. कितीदा सांगितलं!"

ड्रायव्हर कुंपणापाशी उभा होता. त्याने टोपी काढली. "काकी, मी गेल्या ईस्टरआधीच्या उपासात पान सोडलं ते सोडलं. तुम्हांला मरियामाता सायबिणीची शपथ घेऊन सांगत होतो, तुम्ही मला हाकलून देत होतात."

"हे गाडीचं तेल आहे, काकू," मी खालून म्हणालो. "गिअरबॉक्सचं तेल लाल असतं."

काकू खाली वाकली, डागावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. महिनोन्‌महिने ती त्या माणसाला सकाळ-संध्याकाळ बोलत होती. एकदा तर त्याच्याकडून सगळं अंगण धुऊन घेतलं होतं. आणि ते डाग रोज तिला गाडीचा आजार कुठे आहे ते दाखवत होते!

"मग आधी बोलायचं नाही का, तेल आहे म्हणून?" ती त्याच्यावरच डाफरली आणि आत गेली. पण त्या दिवशी त्याला जेवायला ओट्यावर नाही, स्वयंपाकघरात पाट मांडला, आणि वाढताना तूप दुसऱ्यांदा विचारलं. तो मला नंतर म्हणाला की त्याला जास्त भीती तेव्हाच वाटली.

पुढचं काम सोपं पण घाणेरडं होतं. भांडं काढलं. त्यात तेलाचा काळपट गाळ आणि त्यावर मुशीचा फेस. आतली जाळी रॉकेलने धुतली. बुचाच्या पानाचं पॅकिंग कापून बसवलं. डाव्या अंगाचे दोन्ही स्क्रू शोधून पट्टे कसले आणि फोरमनने शिकवल्यासारखे जरासे मागे घेतले. नवीन तेल ओतलं, गाडी आळीतून फिरवून आणली, आणि या वेळी इंजिन चालू ठेवून पट्टी बुडवली. अजून तेल मागत होती. घातलं. मग आम्ही लोंगर भरून तळ्याच्या बांधावर गेलो. काका केबिनमध्ये दोघांच्या मध्ये, डोळे मिटून. ड्रायव्हरने क्रुसाची खूण केली आणि पाय दाबला. गाडीने एक लहानसा हिसका दिला, गिअर पकडला आणि गप्प चढून गेली. काकांनी डोळे उघडले ते थेट उतारावर.

"चढ गेला?" ते म्हणाले. "बघितलं? मी म्हणतच होतो."

वास मात्र बरेच दिवस गेला नाही. मुंबईच्या दलालाचा निरोप आला की वसईची केळी चांगली असतात, पण या खेपेला बोंबलांबरोबर का पाठवली? काकांनी सगळा दोष कळंबच्या त्या दोन कोळणींवर टाकला. त्यांना हे कळल्यावर त्या भर बाजारात काकांना जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी पुढे दोनतीन पावसाळे चालली. मग एक पट्टा आतल्या आत तुटला. तो इकडे कुठे मिळेना आणि अमेरिकेहून मागवायचा तर गाडीपेक्षा महाग पडला असता. गोखिवऱ्याच्या एका खाणवाल्याने ती घेतली आणि तिच्यात लष्करी ट्रकचा साधा गिअरबॉक्स, क्लचसकट, बसवून टाकला. काका एकदा बघायला गेले होते. मीही बरोबर होतो. त्यांनी दार उघडलं, वाकून तिसरं पायडल बघितलं, पायाने एकदा दाबून पाहिलं आणि खाणवाल्याला म्हणाले, "चांगलं केलंत." परतताना स्टेशनपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि एवढा वेळ गप्प बसलेले काका मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.