ढगात न जाणारी हेलिकॉप्टरं

लतिका हरकरेला अमेरिकेत सिएटलजवळच्या रेडमंडमधली एक कंपनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार देत असे. तेच काम ती घरी आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत फुकट करायची. गणपतीच्या शिऱ्यात गुठळी लागली, तर तो कोणी ढवळला हे विचारल्याशिवाय ती दुसरा घास घेत नसे. शेजारच्या बेलव्ह्यूला नव्याने आलेल्या पुण्या-मुंबईच्या मुली तिला लतिकाकाकू म्हणायच्या आणि तिच्या शेजारची खुर्ची शक्यतो रिकामी ठेवायच्या.

ती मूळची नागपूरची. वडील, अप्पा, हवाई दलात फिटर होते. त्यांची हयात गेली नॅट नावाच्या चिमुकल्या ब्रिटिश लढाऊ विमानाखाली पाठीवर झोपून. हे विमान ब्रिटिशांनी बनवलं, पण लढायला म्हणून स्वतः घेतलं नाही. स्वतःसाठी घेतलं ते शिकाऊ वैमानिकांपुरतं. आपण लढायला घेतलं. त्याचं हायड्रॉलिक नव्या नवरीसारखं रुसायचं, आणि अप्पांसारख्या माणसांनी ते मनवत मनवत पासष्टच्या लढाईत त्याचं नाव काढलं. अप्पा म्हणायचे, "इंग्रजाला विमान बनवता येतं, विकत घेता येत नाही."

लतिकाने हे मत वडिलोपार्जित दागिन्यासारखं जपलं आणि अमेरिकेत आल्यावर त्यात भर घातली. ब्रिटनचे सरकारी तपासणी अहवाल इंटरनेटवर मिळू लागले, तसे ती डब्यातला दहीभात खाता खाता ते वाचायला लागली. "त्यांचं एक मात्र मानलं पाहिजे," ती म्हणायची. "स्वतःच्या मूर्खपणाचा अहवाल ते व्यवस्थित छापतात. पानांना नंबर घालून."

नवरा श्रीराम काउंटीच्या रस्तेखात्यात पुलांची डिझाइनं करायचा. कोणाकडे जेवायला जाताना गाडीतच विचारायचा, "आज किती विमानं पाडणार आहेस?"

"तोफेचं सांगणार."

"परवा सांगितलंस की."

"परवा नेत्रा नव्हती."

मग नेत्राला, नाहीतर जी कोणी सापडेल तिला, ते ऐकावं लागायचं. ब्रिटिशांनी नव्या लढाऊ विमानातली तोफ वापरायची नाही असं ठरवलं, काटकसर म्हणून. मग लक्षात आलं की तोफ काढली तर विमानाचा तोल जातो. म्हणून तोफ ठेवली आणि गोळ्या घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. "रद्दीवाला तराजूत दगड ठेवतो ना, तशी तोफ ठेवली!" नौदलाची रडारवाली विमानं मोडीत काढायची तारीख ठरली होती, त्यांच्या जागी येणारी नवी विमानं अजून कागदावर होती. "आणि याला ते पॉलिसी म्हणतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं आहे यांचं. साम्राज्य गेलं, पण फाइलींची जाडी तीच." नेत्रा मान डोलवायची आणि डोळ्यांनी नवऱ्याला शोधायची.

पण एका प्रकरणाबद्दल लतिका जेवणाच्या पंगतीत बोलत नसे, कारण ते तिच्या टेबलावरचं होतं.

तिची कंपनी हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमधले पडदे आणि त्यांचं सॉफ्टवेअर बनवायची. जुन्या गोल घड्याळांऐवजी वैमानिकाला सगळं पडद्यावर दिसायचं: उंची, वेग, इंधन, आणि जमीन कुठे आहे ते सांगणारी आडवी रेघ. ढगात शिरल्यावर बाहेर काहीच दिसत नाही, तेव्हा या रेघेवरच जीव असतो. लंडनमधल्या एका लष्करी खरेदी मंडळाने अशा पडद्यांची चौदा हेलिकॉप्टरं मागवली. २००१ साली ती ब्रिटनला पोहोचली आणि तिथेच एका शेडमध्ये उभी राहिली, कारण त्यांना ढगात जायची परवानगी मिळेना. फक्त स्वच्छ हवेत उडायचं. इंग्लंडात! लतिकाच्या मते हे चेरापुंजीला पापड वाळत घालण्यासारखं होतं.

कारण साधं होतं. ब्रिटिश नियमाप्रमाणे वैमानिक ज्याच्यावर विसंबतो त्या सॉफ्टवेअरची ओळन्‌ओळ बरोबर आहे, याचा पुरावा हवा. आणि सॉफ्टवेअरच्या ओळी पाहायचा हक्क खरेदीच्या करारात मागायला हे मंडळ विसरलं होतं. करार सहाशे पानांचा होता. हेलिकॉप्टरमध्ये चहाचं पाणी उकळायच्या भांड्यावर त्यात साडेतीन पानं होती.

मार्च २००४ मध्ये मंडळाचे तीन लोक रेडमंडला आले. पावसाची झिमझिम चालू होती. प्रमुख होते मिस्टर पेलहॅम, सनदी अधिकारी, करड्या सुटातले, प्रत्येक वाक्याआधी माफी मागणारे. त्यांच्याबरोबर एक वकील, आणि हेलिकॉप्टरांची देखभाल करणारा डेन्हॉम नावाचा सार्जंट. त्याचे हात अप्पांच्या हातांसारखे होते, नखांच्या कडेला काळी रेघ कायमची.

लतिकाचा मॅनेजर ग्लेन याने तिला आधीच बजावलं होतं. "कोड दाखवायचा नाही. करारात नाही. विचारतील तेवढंच सांग."

"माफ करा," पेलहॅम म्हणाले, "आडव्या रेघेच्या भागात किती ओळी आहेत हे कळू शकेल का?"

"ते करारात नाही," लतिका म्हणाली.

"माफ करा, पण त्या ओळी तपासल्या गेल्या आहेत ना?"

"हो. मी तपासल्या."

"मग तुमच्या तपासणीचे कागद..."

"ते करारात नाहीत."

दोन तास असंच चाललं. लतिकाला मजा येत होती हे खोटं नाही. ज्यांनी पैसे मोजले त्यांना दाराबाहेर उभं करायचं आणि नागपूरच्या फिटरच्या मुलीने आत बसून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवायचा. पेलहॅमनी शेवटी विचारलं, "करारात हे नसण्याचं कारण काय असावं, तुमच्या मते?"

"चहाच्या भांड्याने जागा खाल्ली असेल," ती म्हणाली. ग्लेनने टेबलाखालून तिच्या बुटाला बूट लावला.

मधल्या सुट्टीत ती कॉफीच्या मशीनपाशी उभी होती. सार्जंट डेन्हॉम येऊन शेजारी उभा राहिला. बैठकीत तो एक शब्दही बोलला नव्हता.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही त्या मशीनमध्ये बसून ढगात जाल?"

"जाईन."

"का?"

"कारण मी प्रत्येक ओळ वाचली आहे."

"झालं तर," तो म्हणाला. "आम्हाला तेवढंच हवंय. कोणीतरी वाचलंय हे लिहून." मग कपाकडे बघत म्हणाला, "आमची पोरं अफगाणिस्तानात ट्रकने जातात, मॅडम. रस्त्यात सुरुंग असतात. चौदा हेलिकॉप्टरं मी दर सोमवारी पुसतो."

लतिका कप घेऊन बैठकीत परत गेली. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने कोणाचीच चूक काढली नाही, आणि श्रीरामने विचारलं, "बरं नाही का वाटत?"

पुढच्या आठवड्यात तिने ग्लेनला प्रस्ताव लिहून दिला. कोड त्यांना द्यायचा नाही. आपणच इथे बसून पुरावा तयार करायचा, ब्रिटिश नियमाप्रमाणे, ओळीओळीचा. तीन माणसं, आठ महिने. कंपनीचं गुपित सुरक्षित राहील आणि हेलिकॉप्टरं ढगात जातील. ग्लेनला त्यात धंदा दिसला. "नमुन्यादाखल एक भाग करून दाखव," तो म्हणाला. "आडव्या रेघेचा कर."

तो भाग तिने २००० साली स्वतः तपासून सही केलेला होता. तीन आठवड्यांचं काम, बहुतेक टायपिंगचं, असं तिने धरलं होतं. ब्रिटिश नियमाची पद्धत तिला हास्यास्पद वाटायची. प्रत्येक ओळीपुढे विचारायचं, ही चुकली तर काय? मग त्याच्या पुढे, ती दोनदा चुकली तर काय? "यांच्याकडे वेळ भरपूर," ती पुटपुटायची. "विमानं नाहीत ना उडवायला."

अकराव्या दिवशी, दुपारी, ती त्या "दोनदा" पाशी अडली. रेघेला माहिती पुरवणारा सिग्नल तुटला तर पडद्यावर लाल फुली यायची. हे तिने तपासलं होतं. तुटून परत आला तर फुली जायची. हेही तपासलं होतं. पण तुटला, आला आणि पापणी लवायच्या आत पुन्हा तुटला तर? तिने टेस्ट-बेंचवर तसं करून पाहिलं. फुली आली नाही. पडदा तीच जुनी रेघ दाखवत राहिला, शांतपणे, जणू काही झालंच नाही. तिने घड्याळ लावून मोजलं. चार सेकंद.

ढगात चार सेकंद म्हणजे किती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने प्रयोग सहा वेळा केला. मग जुन्या तपासणीचा कागद काढून आपली सही पाहिली. सही मोठी ऐटबाज होती, खाली रेघ ओढलेली.

ग्लेनच्या खोलीत जाऊन ती म्हणाली, "एक चूक सापडली. माझी आहे."

त्याने ऐकून घेतलं, दार लावलं. "प्रस्ताव मागे घेऊ. चूक गुपचूप दुरुस्त करू. त्यांना कशाला सांगायचं? कोड बघायचा हक्कच नाही त्यांना."

"पहिल्या पानावर घालायचं," लतिका म्हणाली. "आणि हेच सॉफ्टवेअर आणखी ज्यांच्या मशीनमध्ये आहे, त्यांनाही आज कळवायचं. ती तर रोज ढगात जातात."

"लतिका, तुझं नाव येईल."

"येऊ दे. सही माझीच आहे ना?"

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या शंभराहून अधिक हेलिकॉप्टरांत ती उन्हाळ्याच्या आत बसली. तिला त्या वर्षी बढती मिळाली नाही. ज्या नियमाची ती टर उडवायची त्याच नियमाने तिला पकडलं होतं, आणि हे तिने फक्त श्रीरामला सांगितलं, तेही भांडी घासताना, त्याच्याकडे पाठ करून. तो म्हणाला, "म्हणजे इंग्रज बरोबर होते?"

"नियम बरोबर होता," ती म्हणाली. "इंग्रजांचं अजून बघायचंय."

बघायला दीड वर्ष लागलं. प्रस्ताव एका समितीकडून दुसऱ्या समितीकडे गेला, तिथून सल्लागारांकडे. सल्लागारांनी प्रस्ताव वाचायला दुसरे सल्लागार नेमावेत असं सुचवलं. २००५ च्या पावसाळी नोव्हेंबरात पेलहॅमचं पत्र आलं. सुरुवात माफीने होती. मग असं होतं की, कंपनीने स्वतःच दोष उघड केल्यामुळे या सॉफ्टवेअरवरचा मंडळाचा विश्वास कमी झाला आहे. सबब चौदाही हेलिकॉप्टरांतले पडदे काढून त्या जागी जुनी गोल घड्याळं बसवण्यात येतील. काम सुमारे चार वर्षं चालेल.

लतिकाने पत्र उभ्यानेच वाचलं. मग ग्लेनच्या टेबलावर ते दोन बोटांनी ठेवलं, ओला बोळा ठेवावा तसं.

"दोष लपवला असता तर विकत घेतलं असतं त्यांनी," ती म्हणाली. "हे लोक विमानं विकत घेत नाहीत, ग्लेन. हे निर्धास्तपणा विकत घेतात. तोही चुकीच्या दुकानात." त्यानंतरची कित्येक वर्षं महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत तोफेची गोष्ट कोणाच्या वाट्याला आली नाही. ही आली, नावं गाळून, आणि हिच्यात हसायला जागा नव्हती. मुलगी रुचा एकदा वैतागून म्हणाली, "आई, नोबडी केअर्स." लतिका म्हणाली, "तेच तर सांगतेय."

२००८ च्या जूनमध्ये सार्जंट डेन्हॉमचा फोन आला. तो निवृत्त झाला होता, बायकोबरोबर अमेरिका बघायला निघाला होता, सिएटलला दोन दिवस होता. लतिकाने दोघांना दुपारी जेवायला बोलावलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. तो हाताने जेवायला लागला आणि जमलं नाही तरी चमचा मागितला नाही.

"कुठवर आलं काम?" तिने विचारलं.

"पाच झाली. नऊ राहिली. तुमच्या पडद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं, मॅडम. मी स्वतः काढलं, खोक्यात भरण्याआधी. काढायची गरज नव्हती, पण म्हटलं एकदा बघू कसे दिसतात."

"आणि ती घड्याळं? त्यांची तपासणी कोणी केली? सिग्नल दोनदा तुटला तर ती काय दाखवतात?"

डेन्हॉमने घास खाली ठेवला. "त्यांची तपासणी नाही लागत. ती पूर्वीपासूनच आहेत."

"म्हणजे कधीच झाली नाही?"

"नाही. पण काटा अडकला की आम्ही काचेवर टिचकी मारतो."

श्रीराम हसला. डेन्हॉमची बायकोही हसली. लतिका हसली नाही. तिने विचारलं, "आणि तुमची पोरं? अजून ट्रकनेच?"

"ट्रकनेच," तो म्हणाला, आणि त्याने भाजी आणखी घेतली.

सप्टेंबरात लतिकाने नोकरी सोडली. बेलव्ह्यूतल्या एका कंपनीत लागली, दवाखान्यात रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारी यंत्रं बनवणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात तिने तिथल्या लोकांपुढे एक जाडजूड नियमावली ठेवली. सिग्नल तुटला तर काय, दोनदा तुटला तर काय. ब्रिटिशांची होती ती, तिने फक्त वरचं पान बदललं होतं. मीटिंगमधला एक तरुण इंजिनिअर म्हणाला की हे जरा अतीच होतंय, एवढे कागद कोण मागतं?

"मागणारे मूर्ख आहेत," लतिका म्हणाली. "पान सात काढा."